काळी जमीन कसदार खरी, पण मेथीला चालेल का?

माती परीक्षणाचा अहवाल आता मोबाईलवर येतो. बारा आकडे, त्यांच्यापुढे 'कमी', 'मध्यम', 'भरपूर' असे शेरे आणि खाली कपाशीला किंवा मक्याला एकरी किती खत टाकायचं याची शिफारस. दहा-वीस गुंठे मेथी-कोथिंबीर करून जळगाव, धुळे किंवा शहाद्याच्या बाजारात न्यावी असा विचार करणाऱ्याला मात्र हव्या त्या प्रश्नाचं उत्तर त्यात मिळत नाही. या वावरात पालेभाजी येईल का?

कागद खोटा नसतो. जमिनीत पिकासाठी अन्न किती आहे, मुख्यतः तेवढंच तो सांगतो. पालेभाजी फसते ती बहुतेक वेळा दुसऱ्याच कारणाने: पाणी दिल्यावर माती कशी वागते त्यामुळे. ही वागणूक बांधावरच कळते. त्यासाठी कुदळ, बादली, काचेचा ग्लास आणि चार-पाच दिवस पुरतात. म्हणून आधी वावरातल्या चाचण्या आणि मग प्रयोगशाळा, हा क्रम बरा. उलट केलं तर अहवाल हातात पडूनही पेरायचं की नाही हे ठरत नाही.

कपाशी जोमात आणि मेथी कोमात, असं का?

कपाशीचं सोटमूळ मीटरभर आणि त्याहून खाली उतरतं. वरचा थर सुकला, चिरला किंवा आठवडाभर ओला राहिला तरी खालच्या ओलीवर ती तग धरते. मेथी, कोथिंबीर, पालक यांची कामाची मुळं वरच्या १५ ते ३० सेंटिमीटरमध्येच असतात. पीकही २५ ते ४० दिवसांचं, त्यामुळे एकदा मार बसला की सावरायला वेळच नसतो. बी पडतं जेमतेम एक-दीड सेंटिमीटर खोल. उगवण ठरवतात वरची दोन बोटं, आणि पुढचं सगळं पहिला फूटभर थर.

म्हणून दहा फूट खोल काळी माती मेथीच्या लेखी फुकट आहे. उलट दीड फूट मध्यम माती आणि खाली पाणी पिणारा मुरूम, अशी जमीन कपाशीवाल्याला हलकी वाटते, पण भाजीला ती उत्तम.

काळा रंग पाहून 'सेंद्रिय कर्ब भरपूर असेल' असं धरून चालणं हीही नेहमीची चूक. सेंद्रिय कर्ब म्हणजे कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून आणि शेणातून मातीत टिकलेला कार्बन. आपल्या काळ्या मातीचा रंग चिकणमाती आणि ह्यूमस यांच्या घट्ट सांगडीमुळे येतो, त्याला कर्ब फार लागत नाही. कोळशासारख्या काळ्या वावरातही तो अर्ध्या टक्क्याच्या आत निघतो.

खानदेशात कुठे कशी माती

तापीच्या उत्तर काठावर, चोपडा-यावल-रावेर भागात, गाळाची खोल जमीन आहे. केळी तिथेच का, याचं अर्धं उत्तर हेच. गाळात पोयटा, म्हणजे वाळूपेक्षा बारीक पण चिकणमातीपेक्षा जाड कण, बरा असेल तर भाजीला ती फार चांगली. अमळनेर, पारोळा, धरणगावकडे कपाशीची मध्यम ते भारी काळी. सातपुड्याच्या पायथ्याशी आणि साक्रीच्या माळांवर मुरमाड, बरड. गावाला लागून असते ती पांढरी: पिढ्यानपिढ्या राख, शेण, उकिरडा जिरून भुसभुशीत झालेली. भाजीचे वाफे पूर्वीपासून तिथे असतात, ते उगाच नाही. फक्त पांढरीत क्षार जास्त असू शकतात, तेवढं तपासून घ्यावं.

हे झालं ढोबळ. एकाच गट नंबरात नाल्याकडची बाजू चोपण (ओली असताना घसरडी, वाळली की दगड) आणि बांधाकडची मुरमाड, असं सर्रास दिसतं. त्यामुळे तालुक्याच्या नावावरून निकाल लावू नका.

पहिली चाचणी: वाफसा किती दिवसांनी येतो?

वाफसा सगळ्यांना माहीत असतो, मोजत कोणी नाही. मातीच्या मोठ्या पोकळ्यांतलं पाणी उतरून तिथे हवा आली आणि बारीक पोकळ्यांत ओल राहिली, की तो वाफसा. मुळाला पाण्याइतकीच हवा लागते. पालेभाजीला दर चार-सहा दिवसांनी पाणी द्यावं लागतं. जमिनीला वाफशावर यायलाच सहा दिवस लागत असतील, तर मूळ दोन पाण्यांच्या मध्ये श्वासच घेत नाही. मग पानं पिवळी पडतात, मूळकूज लागते आणि माणूस युरिया टाकत बसतो.

मोजायचं असं. वावराच्या मध्यावर दोन-तीन हात औरसचौरस वाफा करून भरपूर पाणी द्या. दुसऱ्या दिवसापासून रोज त्याच वेळी चार बोटं खोलीवरची माती हातात घ्या. वरची घेऊ नका, ती उन्हाने लवकर सुकते आणि फसवते. मूठ आवळून गोळा करा आणि अंगठ्याने हलकेच दाबा. कळण्याच्या भाकरीच्या पिठात पाणी जास्त झालं तर ते हाताला चिकटतं, कमी पडलं तर भाकरी थापताना कडा फाटतात, मातीचंही तसंच. गोळा चिकटून नुसता खड्डा पडला तर ओल जास्त. गोळाच झाला नाही तर कोरडी. गोळा होऊन अंगठ्याखाली रवाळ फुटला तर वाफसा.

दोन-तीन दिवसांत वाफसा आला तर जमीन भाजीची. चार दिवस लागले तर गादीवाफा (उंच केलेला वाफा) करा. पाचच्या पुढे गेलं तर पाणी देऊन घ्यायच्या पालेभाजीचा विचार त्या तुकड्यात नको, निदान निचरा सुधारेपर्यंत. आणि एका दिवसातच माती कोरडी पडत असेल तर ती हलकी. तिला रोज थोडं पाणी आणि भरपूर शेणखत लागेल, पण नाद सोडण्यासारखं त्यात काही नाही.

खड्डा भरून पाहा, पण दुसऱ्यांदा

निचरा मोजायचा दुसरा मार्ग खड्ड्याचा. फूटभर लांब, रुंद, खोल खड्डा खणा. भिंती कुदळीने गुळगुळीत झाल्या असतील तर खुरप्याने ओरखडा, नाहीतर त्या लिंपल्यासारख्या होऊन पाणी अडवतात. खड्डा पाण्याने भरून जिरू द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा काठोकाठ भरा, खुणा केलेली काठी उभी करा आणि दर तासाला पाणी किती उतरलं ते लिहा.

तासाला एक ते तीन इंच उतरलं तर छान. एक इंचाच्या आत असेल तर गादीवाफ्याशिवाय पेरू नका. चार इंचांहून जास्त उतरलं तर पाण्याबरोबर नत्रही खाली वाहून जाणार, म्हणून खत एकदम न देता दोन-तीन हप्त्यांत द्या.

पहिल्या भरणीचा आकडा का घ्यायचा नाही? उन्हाळ्यात काळ्या जमिनीला बोट जाईल एवढ्या भेगा असतात. पहिलं पाणी त्यांतून धडाधड खाली जातं आणि जमीन फार निचऱ्याची वाटते. ओलीने माती फुगते, भेगा मिटतात आणि मग खरा वेग कळतो. एप्रिल-मेमध्ये वावर पाहून 'पाणी पटकन पिते' म्हणणारे इथेच फसतात.

खड्डा खणलाच आहे तर त्याच्या भिंतीकडेही बघा. अर्ध्या-पाऊण फुटावर मुळं एकदम आडवी वळलेली दिसली तर तिथे ट्रॅक्टरने दाबलेला कठीण थर आहे. दरवर्षी त्याच खोलीवर रोटाव्हेटर फिरला की तो बनतो. वाफशावर बोटाएवढ्या जाडीची लोखंडी सळई दहा-बारा ठिकाणी दाबून बघा. सगळीकडे त्याच खोलीवर अडली तर शंका नको. नांगराने तो थर एकदा फोडला की निचरा लगेच सुधारतो.

'रोटाव्हेटर मारला की माती भुसभुशीत होतेच ना?'

पेरणीच्या दिवशी होते. पण माती पिठासारखी झाली की पहिल्याच पाण्याने बारीक कण बसतात आणि ऊन पडल्यावर वर कडक पापुद्रा धरतो. मेथी तीन-पाच दिवसांत डोकं वर काढते, त्यामुळे निसटून जाते. कोथिंबिरीला आठ-बारा दिवस लागतात. तेवढ्यात पापुद्रा पक्का होतो आणि कोंब त्याच्याखाली वाकडा होऊन मरतो. शेतकरी म्हणतो, बी खराब निघालं.

आता ही चाचणी करा. वाटाण्याएवढी तीन-चार वाळकी ढेकळं घ्या. काचेच्या ग्लासात पाणी घेऊन ती अलगद सोडा, ढवळू नका. तासाभराने आणि मग रात्रभराने बघा.

ढेकूळ आहे तसं राहिलं, पाणी नितळ: मातीची घडण चांगली, कर्ब बरा. ढेकूळ फुटून ढीग झाला पण पाणी नितळ: कर्ब कमी, पापुद्रा धरेल; शेणखत हाच उपाय. ढेकळाभोवती दुधासारखा गढूळ ढग झाला आणि सकाळपर्यंत बसलाच नाही: मातीत सोडियम जास्त, जमीन चोपण होत चालली आहे.

पाणी पावसाचं किंवा आरओचं घ्या, विहीर-बोअरचं नको. क्षारयुक्त पाण्यात मातीचे कण एकमेकांना चिकटून खाली बसतात, त्यामुळे चोपण मातीसुद्धा नितळ दिसते. ही बारीक गोष्ट चुकली तर चाचणी उलटं उत्तर देते.

बाटलीत माती-पाणी हलवून थर मोजायची चाचणीही बरेच जण सांगतात. आपल्या काळ्या मातीत तिच्यावर फार भिस्त ठेवू नका. ही चिकणमाती पाण्यात फुगते, थर जाड दिसतो आणि जमीन आहे त्याहून भारी वाटते.

खारवट आणि चोपण एकच का?

नाही, आणि दोन्हींचे उपाय वेगळे. खारवट जमिनीत विरघळणारे क्षार जास्त असतात. उन्हाळ्यात वर क्षारांचा पांढरा थर येतो, माती मात्र भुसभुशीत असते. चांगल्या पाण्याने क्षार खाली धुतले आणि पाण्याला बाहेर पडायला चर असला की ती सुधारते. चोपणात क्षार थोडे असतात, पण चिकणमातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो. कण सुटे होतात, पोकळ्या बुजतात. ओली असताना घसरडी, वाळली की दगड. तिला नुसतं पाणी दिलं तर आणखी बिघडते. सोडियम हुसकायला कॅल्शियम लागतं, म्हणून जिप्सम.

मग लगेच प्रश्न येतो: आमच्या जमिनीत चुनखडी आहेच, तीही कॅल्शियमच, मग जिप्समवर पैसे कशाला? कारण अल्कधर्मी मातीत चुनखडी जवळपास विरघळत नाही. असून नसल्यासारखी. जिप्सम विरघळतं. पण तेही निचरा असेल तरच कामाचं. सुटलेला सोडियम वाहून जायला वाट नसेल तर तो तिथेच राहतो. मात्रा अंदाजाने टाकू नका. प्रयोगशाळेत 'विनिमययोग्य सोडियम' वेगळा तपासून घ्या, नेहमीच्या बारा आकड्यांत तो नसतो. १५ टक्क्यांच्या वर असेल तर जमीन चोपण.

नमुना चुकला तर अहवाल दुसऱ्याचाच

मृद आरोग्य पत्रिकेची योजना १९ फेब्रुवारी २०१५ ला सुरू झाली. सुरुवातीच्या फेऱ्यांत नमुने चौकोन आखून घेतले गेले: बागायतीत २.५ हेक्टरला एक, कोरडवाहूत १० हेक्टरला एक. म्हणजे घरात पडलेल्या जुन्या पत्रिकेतली माती शेजाऱ्याच्या बांधापलीकडचीही असू शकते. भाजीचा तुकडा ठरवायचा तर त्याच तुकड्याचा नमुना स्वतः काढा.

पीक निघाल्यावर, पण शेणखत टाकण्याआधी काढा. रंग, उतार किंवा खोली वेगळी असेल तिथला नमुना वेगळा. नागमोडी चालत दहा-पंधरा जागा निवडा. बांध, झाडाखालची जागा, विहिरीजवळचा भाग, उकिरड्याची जागा आणि बैल बांधायची जागा सोडा. प्रत्येक ठिकाणी वरचा काडीकचरा बाजूला करून इंग्रजी 'व्ही'च्या आकाराचा १५ सेंटिमीटर खोल खड्डा करा, आतली माती काढून टाका आणि एका बाजूची दोन बोटं जाडीची चकती वरपासून खालपर्यंत सारखी कापून घ्या. वरची माती जास्त आणि खालची कमी आली तर क्षार आणि कर्ब दोन्हींचे आकडे फुगतात. लोह, जस्त तपासायचं असेल तर गंजलेली अवजारं आणि जस्ताची घमेली वापरू नका; शेवटचा थर लाकडी पट्टीने खरवडून प्लास्टिकच्या टोपल्यात घ्या.

सगळी माती एकत्र करून सावलीत वाळवा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहा. खताच्या रिकाम्या गोणीत भरू नका. हे सांगावं लागू नये, पण लागतं.

ठिबकवर केळी किंवा कपाशी झालेल्या जमिनीत आणखी एक काळजी. ड्रिपरखालची माती धुतलेली असते, क्षार ओल्या वर्तुळाच्या कडेला साठतात. नमुना फक्त नळीखालून घेतला तर ईसी (क्षारांचं माप) कमी दिसते आणि मेथी मात्र नळ्यांच्या मधल्या पट्ट्यात जळते. दोन्हीकडचे नमुने वेगळे द्या.

अहवालात आधी काय वाचायचं

आधी सामू, मग ईसी, मग कर्ब. नत्र-स्फुरद-पालाश शेवटी.

सामू म्हणजे मातीची आम्लता किंवा अल्कता. पालेभाजीला ६.५ ते ७.५ उत्तम. आपल्याकडे ७.५ ते ८.३ नेहमीचाच, त्यात भाजी येते, फक्त लोह-जस्ताकडे लक्ष द्यावं लागतं. नुसत्या चुनखडीने सामू साधारण ८.४ च्या पुढे जात नाही. त्यामुळे ८.५ च्या वरचा आकडा दिसला की सोडियमचा संशय घ्या आणि ग्लासातली चाचणी पुन्हा करा.

ईसी म्हणजे विद्युत वाहकता, क्षारांचं माप. १ च्या आत ठीक, १ ते २ मध्ये उगवण मार खाते, २ च्या वर पालेभाजी नकोच. पुस्तकात 'पालक २ पर्यंत सहन करतो' असं वाचून फसू नका. ते आकडे पाण्याने जेमतेम संपृक्त केलेल्या मातीच्या अर्काचे असतात. आपल्या प्रयोगशाळा एक भाग मातीत अडीच भाग पाणी घालून मोजतात. पाणी जास्त, म्हणून आकडा लहान दिसतो. मुळाला जाणवणारी क्षारता त्याच्या काही पट असते.

सेंद्रिय कर्ब ०.४ टक्क्याच्या आत कमी, ०.६ च्या वर भाजीला समाधानकारक. लोह ४.५ पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) आणि जस्त ०.६ पीपीएमच्या खाली असेल तर कमतरता. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, ही लोहाची खूण. एकरी १० किलो फेरस सल्फेट शेणखतात आठ-दहा दिवस मुरवून द्या. नुसतं मातीत टाकलं तर चुनखडी ते बांधून ठेवते. जस्ताचंही तसंच. पालाश काळ्या जमिनीत बहुधा पुरेसं असतं.

'सल्फर टाकून सामू खाली आणता येत नाही का?'

चुनखडीच्या जमिनीत हा हिशोब करून बघाच. एक एकर क्षेत्रात वरच्या १५ सेंटिमीटर मातीचं वजन साधारण ९ लाख किलो. चुनखडी ५ टक्के धरली तर ४५ टन झाली. एवढी संपवायला १४ टनांहून जास्त गंधक लागेल, आणि ती संपल्याशिवाय सामू खऱ्या अर्थाने हलत नाही. बाजारातली दहा-वीस किलोची पिशवी पिकाला गंधक पुरवते, सामूला धक्का लावत नाही. पैसे शेणखतात घाला. गुंठ्याला दोन-अडीच क्विंटल कुजलेलं शेणखत घातलं तर मुळाच्या आसपास तरी लोह-स्फुरद मोकळं राहतं, आणि पापुद्राही कमी धरतो.

चुनखडी आहे का हे घरी बघायला मातीवर पांढऱ्या व्हिनेगरचे थेंब टाका. फेस जितका जोरात, तितकी ती जास्त.

शेणखत कुजलेलंच हवं. कच्च्या शेणात तणाचं बी आणि जंतू दोन्ही असतात, आणि कोथिंबीर आपण कच्ची खातो. कोंबडीखतात क्षार जास्त. ईसी आधीच १ च्या जवळ असेल तर ते टाळा.

माती चांगली, पण बोअरचं पाणी?

पाणी न तपासता जमीन तपासणं म्हणजे अर्धंच काम. पाण्याची ईसी १.५ असेल तर लिटरमागे जवळपास एक ग्रॅम क्षार. गुंठ्याला ५ सेंटिमीटर पाणी दिलं की झाले ५,००० लिटर, म्हणजे पावणेपाच किलो क्षार एका पाळीत. मेथीच्या एका पिकाला सहा पाळ्या धरा. पावसाने ते धुतले गेले नाहीत तर तिसऱ्या-चौथ्या पिकाला जमीन बदललेली दिसते.

पाण्याची ईसी ०.७५ पर्यंत निर्धास्त, २.२५ पर्यंत जपून आणि निचऱ्याच्याच जमिनीत, त्यापुढे नाही. दुसरा आकडा 'उर्वरित सोडियम कार्बोनेट'. तो १.२५ च्या आत हवा, २.५ च्या वर गेला तर चांगली जमीनही काही वर्षांत चोपण होते. असं पाणी चवीला गोडच लागतं, म्हणून जिभेवर विसंबू नका. पंप पंधरा-वीस मिनिटं चालू द्या, प्लास्टिकची लिटरभर बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरा. मे महिन्यात पातळी खोल गेलेली असताना घेतलेला नमुना जास्त खरं सांगतो.

मक्यानंतर मेथी पेरताना

धुळे-जळगावकडे खरिपात मका वाढला, आणि त्याबरोबर ॲट्राझिन. हे तणनाशक मक्याला काही करत नाही, रुंद पानाच्या रोपांना मारतं. अल्कधर्मी जमिनीत ते सावकाश विघटित होतं, म्हणजे आपल्याकडे ते जास्त टिकायचा धोका. माती परीक्षणात ते दिसत नाही.

दोन डबे घ्या. एकात वावरातली वरची चार बोटं माती, दुसऱ्यात कधीच फवारणी न झालेल्या जागेची तशीच माती. दोन्हींत पालकाचं दहा-पंधरा दाणे बी टाकून उन्हात ठेवा. उगवण दोन्हीकडे सारखीच होईल, तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. हे औषध पानाचं अन्न बनवणं बंद पाडतं, त्यामुळे रोप आधी नीट येतं आणि मग कडेने पिवळं पडून मरतं. तीन आठवडे थांबा. वावराच्या डब्यातलीच रोपं मेली तर या हंगामात तिथे भाजी नको. सोयाबीनवर इमॅझेथापायर मारलं असेल तरी हीच तपासणी करा आणि बाटलीच्या लेबलवर पुढच्या पिकासाठी दिलेलं अंतर वाचा.

रस्त्याकडेची आणि नाल्याकाठची जमीन

शहराच्या सांडपाण्यावर पालक जोमदार येतो, कारण त्या पाण्यात नत्र-स्फुरद असतं. त्यात कारखान्याचं पाणी मिसळत असेल तर शिसं, कॅडमियमही असतं, आणि पालक कॅडमियम पानात साठवतो. आपल्या चुनखडीच्या जमिनी हे धातू बऱ्यापैकी धरून ठेवतात, एवढं आपलं नशीब. महामार्गालगतच्या मातीत जुनं शिसं असू शकतं: २००० सालापर्यंत पेट्रोलमध्ये शिसं होतं आणि ते मातीतून हलत नाही. पन्नास पावलं आत वाफे करा, कडेला तुरीची किंवा ज्वारीची दाट ओळ लावा. सांडपाण्यावर पालेभाजी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग कोणत्या जमिनीत काय?

मध्यम, निचऱ्याची, गाळाची जमीन असेल तर काहीही लावा. मेथी आणि शेपूला तीच लागते, पाणी साचलेलं दोघींना खपत नाही. क्षार थोडे जास्त असतील तर पालक आणि चाकवत. ही मंडळी बीटच्या कुळातली, खार सोसणारी. पोकळा, तांदुळजा, लाल माठ उन्हाळा काढतात आणि हलक्या जमिनीत शेणखतावर भागवतात. बरड माळावर पावसाळ्यात अंबाडी.

भारी काळीचं काय? तिला नाकारायचं कारण नाही, हंगाम बदलायचा. पावसाळ्यात ती भाजीला नकोच. रब्बीत, साठलेल्या ओलीवर, जिथे वरचेवर पाणी द्यायचं नसतं, तिथे कोथिंबीर छान येते. हरभऱ्याचे शेंडे खुडून आणि करडईची कोवळी पानं तोडून होणारी भाजी तर त्याच जमिनीची. वाफशाची चाचणी पाणी देऊन घ्यायच्या भाजीसाठी आहे. ओलीवरच्या पिकाला तिचा निकाल लावू नये.

गादीवाफा करायचा तर मीटरभर रुंद आणि वीतभर उंच. जमिनीत क्षार असतील तर बी वाफ्याच्या मधोमध टाकू नका. दोन्ही सऱ्यांतून पाणी झिरपत आत येतं, मध्यावर उडून जातं आणि क्षार तिथेच वर राहतात. बी कडेच्या उतारावर, पाण्याच्या रेषेच्या जरा वर टाका.

घराजवळच्या प्लॉटवर परसबाग करणाऱ्यांनी एवढंच बघावं: खाली मुरूम-सिमेंटचा भराव असेल तर त्यात मिसळामिसळ न करता वर फूटभर चांगली माती आणि शेणखत दोनास एक प्रमाणात घालून वाफा उंच करावा.

सगळं तपासूनही खात्री वाटत नसेल तर

गुंठाभर पट्टा पेरून बघा. पेरायच्या दिवशी त्याच पिशवीतले शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा आणि शंभर दाणे वाफ्यात खूण करून पेरा. कोथिंबिरीचे धणे आधी रगडून दोन फाकी केलेले असावेत. मेथीला आठ, कोथिंबिरीला पंधरा दिवस द्या. गोणपाटात ऐंशी-नव्वद उगवले आणि वाफ्यात चाळीस, तर दोष मातीचा: पापुद्रा, क्षार किंवा साचलेलं पाणी. दोन्हीकडे चाळीसच निघाले, तर माती बदलू नका, बी बदला.